तीर्थाहून परतताना सोबत काय येतं? औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची गोष्ट

माझ्या मावशीला लघवीचा संसर्ग झाला तेव्हा आम्ही कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, ताप उतरला नाही. गोळ्या बदलल्या, तरी उतरला नाही. मग लघवीचा कल्चर रिपोर्ट काढला. या रिपोर्टात एका बाजूला औषधांची नावं असतात आणि प्रत्येक नावासमोर एक अक्षर. 'एस' असेल तर ते औषध या जंतूवर चालेल, 'आर' असेल तर चालणार नाही. मावशीच्या कागदावर एकाखाली एक 'आर' होते. शेवटी दोनच औषधं उरली, आणि दोन्ही शिरेतून द्यायची.

पलंगावर पडल्या पडल्या तिने मला विचारलं, "अगं, मी तर साधी क्रोसिनसुद्धा टाळते. मग एवढी औषधं माझ्यावर चालेनाशी झाली कशी?"

डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, गेल्या काही महिन्यांत दवाखान्यात भरती झाला होतात का, कुठे लांबचा प्रवास झाला का. ती चारधाम करून आली होती. जंतू तिथूनच आला असं मी म्हणणार नाही. ते सिद्ध करण्यासारखं आमच्या हाती काहीच नव्हतं. पण डॉक्टरांनी तो प्रश्न का विचारला, याचा मी नंतर बराच शोध घेतला. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ तोंडावर आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. म्हणून जे समजलं ते इथे मांडते आहे.

प्रतिकार कुणाचा? माणसाचा नव्हे, जंतूचा

मावशीच्या प्रश्नातच एक गैरसमज आहे, आणि तो बहुतेकांचा असतो. "मला आता अमुक गोळी लागू पडत नाही" असं आपण म्हणतो. जणू आपलं शरीर त्या गोळीला सरावलं आहे. तसं नसतं. सरावतो तो जंतू. बॅक्टेरिया मारणाऱ्या औषधांना प्रतिजैविकं किंवा अँटिबायोटिक म्हणतात. ती ज्या जंतूवर चालत नाहीत, तो जंतू ज्याच्या अंगात शिरेल त्याच्यावर ती चालणार नाहीत. मग त्या माणसाने जन्मात एकही अँटिबायोटिक घेतलेलं नसलं तरी. यालाच अँटिमायक्रोबियल रेझिस्टन्स म्हणतात, थोडक्यात एएमआर.

हे किती मोठं आहे? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा जंतूंमुळे झाले. भारतातला त्याच वर्षाचा आकडा ३ लाखांच्या जवळ जातो. यात म्हातारी माणसं आहेत, ऑपरेशननंतर जखम चिघळलेले आहेत, आणि अवघ्या काही दिवसांची बाळंही आहेत.

जंतू हे शिकतो कुठे?

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. डाऊनी या द्राक्षावरच्या रोगावर एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं की काही हंगामांनी ते चालेनासं होतं. फवारणीत बुरशीचा मोठा भाग मरतो. थोडी बुरशी मुळातच वेगळी असते म्हणून तगते, आणि मोकळ्या झालेल्या पानावर तीच पसरते. औषधाने तिला काही शिकवलेलं नसतं. तिच्या बाकीच्या भाऊबंदांना तेवढं बाजूला केलेलं असतं.

माणसाच्या आतड्यातही हेच होतं. सर्दीसाठी घेतलेलं अँटिबायोटिक सर्दीच्या विषाणूला काहीच करत नाही, कारण ते बॅक्टेरियावरचं औषध आहे. ते पोटातल्या निरुपद्रवी जंतूंवर मात्र फवारणी करून जातं, आणि मागे राहतात ते तगलेले.

इथवरची गोष्ट एका माणसाची आणि त्याच्या गोळ्यांची झाली. पण बॅक्टेरियाकडे आणखी एक सोय आहे, आणि यात्रेशी संबंध येतो तो तिच्यामुळे.

वहीतलं सुटं पान

भजनी मंडळात प्रत्येकाची आपली अभंगांची वही असते. दिंडीत चालताना शेजारच्या मंडळातल्या कुणी नवा अभंग म्हटला, आवडला, तर आपण तो उतरवून घेतो. त्याचा अभंग त्याच्याकडेच राहतो आणि एक प्रत आपल्या वहीत येते. उद्या आपल्याकडून तो तिसऱ्याच्या वहीत जातो.

बॅक्टेरियाकडे मुख्य वही असते, म्हणजे त्यांचा जनुकसंच. शिवाय काही सुटी पानं असतात. या सुट्या पानांना प्लाझ्मिड म्हणतात. दोन बॅक्टेरिया एकमेकांना चिकटले की एकाच्या पानाची प्रत दुसऱ्याकडे जाऊ शकते. दोघे एकाच जातीचे असायलाही हवेत असं नाही. पोटातल्या निरुपद्रवी ई-कोलायने न्युमोनिया करणाऱ्या क्लेबसिएलाला पान द्यावं, असं सर्रास घडतं. आणि एकाच पानावर पाच-सहा औषधांवरचे तोडगे लिहिलेले असू शकतात. मावशीच्या रिपोर्टात 'आर'ची रांग लागली होती, तिचं एक कारण हेही असू शकतं.

अशा पानांवरच्या एका तोडग्याचं नाव आहे एनडीएम-१. हे जनुक असं विकर (एन्झाइम) तयार करतं, जे मेरोपेनेम, इमिपेनेम अशा औषधांचे तुकडे करून टाकतं. अतिदक्षता विभागात बाकी औषधं हरली की ही औषधं कपाटातून निघतात. २००८ मध्ये दिल्लीतल्या रुग्णालयात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात ते पहिल्यांदा सापडलं, म्हणून नावात नवी दिल्ली आली. त्या नावावरून आपल्याकडे तेव्हा मोठा वाद झाला. दुर्दैवाने चर्चा नावावरच अडकली. संशोधकांनी दिल्लीतलं पाणी तपासलं, तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रस्त्याकडेच्या डबक्या-नाल्यांच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत हे जनुक सापडलं. म्हणजे ते रुग्णालयाबाहेर पडून गल्लीत आलेलं होतं.

ऋषिकेशला काय दिसलं

आता प्रश्न असा, की हे पान शहरातून तीर्थक्षेत्री जातं का? ते तपासायला गंगेचा वरचा भाग फार योग्य. ऋषिकेश-हरिद्वारजवळ गंगा नुकतीच डोंगरातून उतरलेली असते, पाणी स्वच्छ असतं, वरच्या अंगाला मोठी शहरं-कारखाने नाहीत. आणि मे-जूनमध्ये तिथे यात्रेकरूंचा लोंढा येतो.

आयआयटी दिल्लीचे शेख झियाउद्दीन अहमद आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाचे डेव्हिड ग्रॅहम यांच्या गटाने हेच केलं. गंगेवरची ७ ठिकाणं आणि तुलनेसाठी दिल्लीतल्या यमुनेवरची ५ ठिकाणं निवडली. एकदा फेब्रुवारीत पाणी आणि तळाचा गाळ तपासला, एकदा जूनमध्ये. अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

यमुनेचं चित्र अपेक्षेप्रमाणे वाईट होतं. दोन्ही ऋतूंत पाण्यात एनडीएम-१ जनुकाच्या प्रती मिलिलिटरमागे लाखांच्या घरात. वरच्या गंगेत फेब्रुवारीत हाच आकडा शंभर-सव्वाशेच्या आसपास, पाण्यात प्राणवायू भरपूर. नदीची प्रकृती उत्तम म्हणावी अशी.

जूनमध्ये ते बदललं. यावर कुणीही म्हणेल की माणसं वाढली तर घाण वाढणारच, त्यात नवल काय? मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा हेच म्हटलं होतं. पण संशोधकांनी हिशेब दरडोई केला होता. म्हणजे गर्दी वाढली त्या प्रमाणात जेवढी वाढ व्हायला हवी, ती आधीच बाजूला काढली. तरीही फेब्रुवारीच्या तुलनेत जूनमध्ये दरडोई प्रमाण २० पट होतं.

इथे थोडं थांबते, कारण सगळी गोम या दरडोईतच आहे. शंभर माणसांच्या गावात दोनशे पाहुणे आले आणि कचरा तिप्पट झाला, तर पाहुणे आणि गावकरी सारखेच. पण कचरा तिपटीहून कितीतरी जास्त झाला, तर पाहुण्यांच्या पिशव्यांत काहीतरी वेगळं होतं असंच म्हणावं लागेल. हे जनुक स्थानिकांपेक्षा बाहेरून, मुख्यतः शहरांतून आलेल्यांच्या आतड्यांत जास्त असावं, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. नदीत एनडीएम-१ चं प्रमाण विष्ठेतल्या कोलिफॉर्म जंतूंच्या प्रमाणाबरोबर वर-खाली होत होतं, त्यावरून वाटही कळते. शहरातला माणूस, तीर्थक्षेत्रातली अपुरी मलनिस्सारण व्यवस्था, नदी, आणि नदीत उतरलेला दुसरा माणूस.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. या अभ्यासात जनुकं मोजली होती, आजारी माणसं नव्हेत. पाण्यात जनुक सापडलं म्हणजे स्नान करणारा प्रत्येकजण आजारी पडला, असा त्याचा अर्थ नाही.

"पण गंगेत तर जंतू आपोआप मरतात ना?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, कारण त्याच्यामागे खरं विज्ञान आहे. अर्नेस्ट हँकिन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ मध्येच लिहून ठेवलं होतं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात. हे बहुधा बॅक्टेरियाला खाणाऱ्या विषाणूंचं काम असावं. त्यांना आपण आज फाज म्हणतो. औषधं हरली तिथे फाज वापरता येतील का, यावर आज जगभर गंभीर काम चाललं आहे.

अडचण अशी, की प्रत्येक फाजचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. कॉलऱ्याचा फाज ई-कोलायकडे ढुंकून पाहत नाही. शिवाय काही फाज एका जंतूचं जनुक दुसऱ्याकडे पोचवतातही. आणि गंगेने स्वतःला कितीही शुद्ध केलं, तरी वर दिलेले आकडे त्याच गंगेतून काढलेले आहेत.

प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभातही हाच वाद रंगला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारीत राष्ट्रीय हरित लवादाला कळवलं की जानेवारीत अनेकदा पाणी स्नानाच्या निकषात बसत नव्हतं. निकष आहे १०० मिलिलिटरमागे जास्तीत जास्त २,५०० विष्ठा-कोलिफॉर्म. उत्तर प्रदेश सरकारने ते नाकारलं. पुढे मंडळाच्याच दुसऱ्या अहवालाने, आकड्यांचं सांख्यिकी विश्लेषण करून, पाणी स्नानायोग्य होतं असं म्हटलं. सामान्य माणूस गोंधळला नसता तरच नवल. माझ्या मते यात एक प्रश्न हरवला. कोलिफॉर्म मोजल्याने पाण्यात विष्ठा किती हे कळतं. त्या विष्ठेतले जंतू कुठल्या औषधांना जुमानत नाहीत, हे कोलिफॉर्मच्या आकड्यावरून कळत नाही. ते वेगळं मोजावं लागतं.

घरी काय येतं

औषधांना न जुमानणारा जंतू पोटात गेला की लगेच काही होत नाही. तो आतड्यात बाकीच्यांच्या गर्दीत राहतो. जुलाब नाही, ताप नाही. अशा माणसाला वाहक म्हणतात.

यावरचा सर्वांत स्वच्छ अभ्यास नेदरलँड्सचा आहे. परदेशी जाणाऱ्या सुमारे २,००० डच प्रवाशांची प्रवासाआधी आणि नंतर विष्ठा तपासली. नेहमीच्या अनेक अँटिबायोटिकांना दाद न देणारे जंतू एकूण ३४ टक्के लोकांनी प्रवासात उचलले. जे दक्षिण आशियात, म्हणजे आपल्याकडे, आले होते त्यांच्यात हे प्रमाण ७५ टक्के होतं. अर्ध्याअधिक जणांच्या पोटातून ते महिन्याभरात गेले, पण ११ टक्क्यांच्या पोटात ते वर्षानंतरही होते. आणि घरातल्या माणसाला ते देण्याची शक्यता सुमारे १२ टक्के निघाली. हे लोक यात्रेकरू नव्हते, बहुतेक पर्यटक होते. मंडपात झोपणाऱ्याचं आणि नदीत आचमन करणाऱ्याचं काय होत असेल, याचा अंदाज बांधता येतो.

वाहक बहुतेक वेळा कधीच आजारी पडत नाही. पण त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, मूत्रमार्गात नळी घालावी लागली, केमोथेरपी सुरू झाली, की आतड्यातला जंतू नको त्या जागी पोचतो. तेव्हा पहिलं औषध चालत नाही, दुसरं चालत नाही, आणि दिवस हातचे जातात.

"फक्त आमच्याच यात्रा का?"

फक्त आपल्याच नाहीत. २०१३ आणि २०१४ च्या हजला फ्रान्समधून गेलेल्या यात्रेकरूंची जाण्याआधी आणि आल्यावर तपासणी झाली. काहींच्या पोटात कोलिस्टिन या अगदी शेवटच्या औषधाला निष्प्रभ करणारं जनुक परतताना आलेलं आढळलं. लाखो माणसं दूरदूरहून एकत्र येतात, दाटीत राहतात, एकाच ठिकाणी जेवतात, आणि पुन्हा पांगतात. जंतूला देवाचं नाव कळत नाही.

हजचीच दुसरी गोष्ट उपयोगी आहे. २००० साली तिथे मेंदूज्वराच्या एका प्रकाराची साथ उसळली आणि यात्रेकरूंबरोबर अनेक देशांत गेली. सौदी सरकारने हज थांबवली नाही. पुढे त्या प्रकारासह चार प्रकारांवरची लस घेतल्याशिवाय यात्रेला येता येणार नाही, असा नियम केला.

म्हणून "यात्रा बंद करा" म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ऋषिकेशच्या संशोधकांनीही तसं म्हटलेलं नाही. त्यांचं म्हणणं होतं, तीर्थक्षेत्री सांडपाण्यावरची प्रक्रिया सुधारा. माणसं शहरातून जंतू घेऊन निघतातच. तो दोष शहरांचा आणि आपल्या गोळ्या खाण्याच्या सवयीचा. ते जंतू एका माणसाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात जाऊ न देणं हे शौचालयाचं काम आहे.

आपल्याकडे याचा अनुभव आहे. पूर्वी पालखी पुढे गेली की मुक्कामाच्या गावात नाकाला पदर लावून हिंडावं लागे. निर्मल वारीच्या उपक्रमातून मुक्कामांवर फिरती शौचालयं उभी राहू लागली, स्वयंसेवक पहाटे वारकऱ्यांना हात जोडून तिकडे वळवू लागले, आणि फरक गावकऱ्यांना डोळ्यांनी दिसला. प्रश्न उरतो तो त्या टाक्यांतला मैला शेवटी कुठे रिकामा होतो हा. प्रक्रिया केंद्रात गेला तर उपयोग. ओढ्यात गेला तर आपण जंतूंची फक्त जागा बदलली.

गोळ्यांचा वाटा

यात्रेतल्या वैद्यकीय कक्षात डॉक्टरसमोर शंभर माणसांची रांग असते. तपासणीला दोन मिनिटं. रुग्ण म्हणतो, "डॉक्टर, उद्या पुढचा टप्पा आहे, जरा पावरची गोळी द्या." डॉक्टर थकलेला असतो, माणूस पुन्हा भेटणार नसतो. तो अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून मोकळा होतो. मी त्याला दोष देणार नाही. पण घसादुखी-खोकल्याचे बहुतेक आजार विषाणूंचे असतात, आणि पातळ जुलाबात बहुतेकांना गरज असते ती ओआरएसची. जुलाबात रक्त पडत असेल, ताप जास्त असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा अँटिबायोटिक लागूही शकतं. हा फरक एका पानावर छापून प्रत्येक कक्षात लावता येतो. ओआरएसची पाकिटं ढिगाने ठेवता येतात.

टायफॉइडची लस हा आणखी एक सोपा उपाय. जो संसर्ग झालाच नाही त्याला औषध लागत नाही. टायफॉइडची नवी लस सार्वजनिक मोहिमेत देणारी देशातली पहिली महापालिका आपली नवी मुंबईची, २०१८ मध्ये. यात्रेचं स्वयंपाकघर चालवणारे, पाण्याच्या टँकरवर काम करणारे, स्वयंसेवक यांना ती आधी देता येईल.

नाशिकचं वेगळेपण

प्रयागचा कुंभ हिवाळ्यात असतो. नाशिकचा सिंहस्थ ऐन पावसाळ्यात. गोदावरीला तेव्हा पाणी असतं, त्यामुळे घाण पातळ होते हे खरं. पण पावसाचं पाणी सांडपाण्याच्या वाहिन्यांत शिरलं की प्रक्रिया केंद्रांवर क्षमतेबाहेरचा लोंढा येतो, आणि जास्तीचं पाणी तसंच नदीत जातं. ज्यांनी गोदेच्या पुरात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून फक्त स्नानाच्या दिवशी धरणातून पाणी सोडून भागणार नाही. वाहिन्या आणि केंद्रांची क्षमता पावसाचा दिवस धरूनच मोजायला हवी.

दुसरं, मोजमाप. मुंबईत २००१ पासून पोलिओसाठी सांडपाणी तपासलं जातं. मूल आजारी पडण्याआधीच विषाणूची चाहूल लागते. तसंच नाशिकच्या तपोवनातल्या आणि साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामच्या सांडपाण्याचे नमुने सिंहस्थाआधी, स्नानांच्या दिवसांत आणि नंतर घेऊन एनडीएम-१ सारखी जनुकं मोजता येतील. आधीचा आकडाच नसेल, तर नंतरच्या आकड्याचा अर्थ कुणालाच लावता येणार नाही. म्हणून हे काम साधूंचे आखाडे येण्याआधीच व्हायला हवं.

मग रामकुंडात उतरायचं की नाही?

मावशीने मला हेच विचारलं. ती आता बरी आहे आणि सिंहस्थाला जायचं तिने पक्कं ठरवलं आहे. आम्ही दोघींनी तिच्या डॉक्टरांना विचारून ठरवलं ते असं. स्नान करायचं, पण पाणी तोंडात घ्यायचं नाही. आचमन घरून नेलेल्या पाण्याने. अंगावर उघडी जखम असली तर पायऱ्यांवर बसून फक्त प्रोक्षण. जेवणाआधी साबणाने हात, मग रांग कितीही मोठी असो. पिशवीत ओआरएस असेल, अँटिबायोटिकची एकही गोळी नसेल. आणि परतल्यावर वर्षभरात कधी ऑपरेशनची किंवा भरती व्हायची वेळ आली, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता तिनेच सांगायचं, मी यात्रेला जाऊन आले आहे आणि माझ्या मागच्या कल्चरमध्ये असे असे 'आर' होते. तो जुना रिपोर्ट मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून तिच्या आधार कार्डाबरोबर ठेवून दिला आहे.